बंद मोटरची रेघ

मोटर बंद केली तरी संगणकाच्या पडद्यावरची रेघ नागमोडी धावतच होती. "सर, कंपन येतंय कुठून?" मुलांनी विचारलं. यंत्रांची कंपनं मोजण्यात सरांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत 'सेन्सर बिघडलाय' म्हणणाऱ्याची धडगत नसे. "यंत्राच्या माथी खापर फोडू नका, कारण शोधा!" ते आजही गरजले. मुलांनी पंखे थांबवले, खिडक्या लावल्या, वायरी उपटून पुन्हा खोचल्या. रेघ काही ऐकेना. मग पुढच्या बाकावरची मुलगी टेबलाकडे बघतच राहिली. सरांनी तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. महिनोन्महिने खिशात लपवलेला त्यांचा डावा हात आज सेन्सरशेजारी टेकला होता, थरथरत. त्यांनी तो उचलला. रेघ सरळ झाली. "सापडलं कारण?" त्यांनी कसंबसं विचारलं. मुलगी उठली. "सर, सेन्सर बिघडलाय." "असेल," हात खिशात कोंबत सर म्हणाले.