तिसऱ्या डोंगराचा रंग

"नऊ," ती म्हणाली. म्हाताऱ्या मोजणीदारांनी वहीत नऊ लिहिले आणि पेन्सिल पुढच्या रकान्यावर नेऊन ठेवली.

ती रंगपट्टी फुलपाखराच्या पंखाला लागू न देता शेजारी धरायची. पट्टीवर दहा चौकोन होते. एक सगळ्यांत फिकट, दहा जवळजवळ काळा. पहिल्या डोंगरावरची फुलपाखरं सहा-सात भरली. दुसरा डोंगर त्याहून उंच, तिथली आठ आणि नऊ. फुलपाखरं टाचून ठेवलेल्या त्या दोन्ही पेट्यांना डांबरगोळ्यांचा वास होता.

तिसरी पेटी खिडकीजवळच्या जेवायच्या टेबलावर होती. ती उचलायला तिने हात पुढे केला, तसे ते घाईने उठले. ही हलवायची नाही, काच मी काढून देतो, म्हणाले.

विद्यापीठात तिच्या विभागातले लोक त्यांना फिकटकाका म्हणत. अकरा वर्षं ते दर वर्षी एक पत्र पाठवत होते. जात तीच, पण तिसऱ्या डोंगरावरची फिकट आहेत, वेगळी आहेत. तशी नोंद व्हावी आणि ती शोधणारी म्हणून माझ्या पत्नीचं नाव लागावं. एकाही पत्राला उत्तर गेलं नव्हतं. उंचावर थंडी असते, थंडीत गडद पंख उन्हात लवकर तापतो. सगळ्यांत उंच डोंगरावर सगळ्यांत फिकट पंख, हे कोणाच्याच गळी उतरत नव्हतं. तिला मात्र ती पत्रं डोक्यातून काढता आली नाहीत. दोन उन्हाळे ती त्या डोंगरावर चढली आणि हात हलवत परत आली. तिथे आता ती फुलपाखरं नव्हतीच. उरली होती ती या पेटीतली अठरा.

"दोन," ती म्हणाली. "दोन. तीन. दोन."

ते आकडे कोरल्यासारखे लिहीत होते. विभागातल्या शहाण्यांना सांग, म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांची कुंपणं मोजली, मला दोन आणि नऊ यांतला फरक कळतो. मोजणीला जाताना बायको बरोबर असायची. पहिल्या दोन पेट्या त्यांनी धरलेल्या, ही तिसरी सगळी तिची. मी दुर्बीण पाठीवर घेऊन दगडांवरून घसरत असायचो आणि ही जाळी घेऊन उतारावर पळत असायची, असं सांगून ते एकटेच हसले.

बाराव्या फुलपाखराचा पुढचा पंख सांध्याशी मोडला होता, मागच्या पंखावर नुसता टेकून राहिला होता. मोडतोडीची नोंद करायची म्हणून तिने तो चिमट्याने अलगद उचलला.

खाली, एवढी वर्षं झाकलेल्या जागी, नखाएवढी पट्टी होती. गडद तपकिरी, काळ्याकडे झुकणारी.

तिने रंगपट्टी धरली. काढली. पुन्हा धरली.

"किती?" ते पेन्सिल टेकवून थांबले होते.

"काका, ही पेटी एरवी कुठे असते?"

"इथेच. आणखी कुठे असणार?"

त्या दोन पेट्या पलंगाखाली ट्रंकेत असतात, ही इथे, असं त्यांनी सांगितलं. बायको गेली तेव्हापासून सकाळचा चहा या पेटीसमोर. काच पुसतात, पण पेटी जागची हलवत नाहीत. आठच्या सुमाराला ऊन थेट पेटीवर येतं, तेव्हा पंखांची शीर न् शीर दिसते.

बोलता बोलता ते थांबले. खिडकीकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग तिच्या हातातल्या चिमट्याकडे.

"आकडा सांग."

"नऊ."

त्यांनी हात पुढे केला. तिने भिंग दिलं. ते इतका वेळ बघत राहिले, की तिला चिमटा धरलेल्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला.

"धरली त्या दिवशीच ती म्हणाली होती," भिंगावरून डोळा न काढता ते म्हणाले. "अहो, ही दुसऱ्या डोंगरावरच्यासारखीच आहेत, काही वेगळी नाहीत. पुढे मला फिकट दिसायला लागली. म्हटलं, तिचंच नीट बघायचं राहिलं असेल."

मग भिंग खाली ठेवत म्हणाले, "अकरा वर्षं तिला खोटं पाडतोय मी."

काकूंचं नाव नोंदीत येईलच, ती म्हणाली. त्या डोंगरावरची ही एवढीच फुलपाखरं आहेत आणि ती त्यांनी धरली आहेत. ते मान डोलवत होते. वही पुढे ओढून त्यांनी पट्टीने अकरा आकड्यांवर अकरा सरळ रेघा मारल्या, आणि बाराव्यापुढे नऊ लिहिले.

"अंधारात ठेवा, काका. आहे तेवढा रंग टिकेल."

"हो. ट्रंकेत जागा आहे."

काच बसवून त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. ट्रंक फरशीवर घासत ओढल्याचा आवाज आला. झाकण लागल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. तोवर तिने चिमटा पुसला, वही पिशवीत घातली.

ते येऊन आपल्या खुर्चीत बसले. उन्हाने टेबलाचं लाकूड पार विटलं होतं. मधोमध, पेटी होती तिथे, रेखीव कोपऱ्यांचा एक गडद चौकोन उरला होता.

तिची रंगपट्टी अजून टेबलावरच होती. त्यांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि त्या चौकोनाशेजारी, लाकडाला लागू न देता, धरली.