पाण्यापुढे आग

टेंभी नाक्यावरच्या हॉटेलात चहा सांगून झाल्यावर कृतिका म्हणाली, "बायोडेटात छंद म्हणून मोबाइल गेम लिहिणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघतेय. दाखवा तरी."

प्रितमने गेम उघडला. समोर पाण्याचा अवाढव्य राक्षस होता. त्याच्याशी लढायला प्रितमने आगीचं एक पिल्लू निवडलं.

"अहो, पाण्यापुढे आग? ते बाजूचं विजेचं घ्या ना. हे विझेल की!"

"एकटं असलं की विझतंच. पण माझं आवडतं आहे. सोबत कोणी खेळायला असलं तर जिंकतं कधीकधी."

कृतिकाने स्क्रीनवरून नजर उचलली. "आपले छत्तीसपैकी अकराच गुण जुळतात, माहितीये ना?"

"माहितीये. तरी आलो."

तिने पर्समधून आपला मोबाइल काढून त्याच्यापुढे ठेवला. "डाउनलोड करून द्या."