सुरंगाचा डेस्कटॉप

समुद्राखालची केबल तुटली आणि बंदरातले सगळे कॉम्प्युटर मुके झाले. त्यांची बुद्धी दूरच्या केंद्रात असायची. वादळ कुठे वळणार ते कळेना, आणि अकरा होड्या समुद्रात. स्वतःची बुद्धी असलेला डेस्कटॉप एकच होता, सुरंगाने सुटे भाग आणून घरी जोडलेला. पण वाऱ्याचं गणित सुरू केलं की तो तापून बंद पडे.

“वैनी, भंगार जोडलंत तुम्ही,” दीर म्हणाला.

तिने प्रोसेसरवरचा पंखा काढला. खाली प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता, उष्णता अडवून धरत. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, ही या घराची रीतच. तिने तो सोलला, जास्तीची मेमरीही खोचली.

गणित तडीस गेलं. तिने वायरलेसवर होड्यांना वाट सांगितली.

अकरावी होडी धक्क्याला लागली, तेव्हा दीर टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक सोलत होता.