शेवटचं कडवं

"घरचा माणूस दर्यावर असताना शेवटचं कडवं म्हणू नको गो," मालननं सुनेला लग्न होऊन आल्या आल्याच बजावलं होतं. सानिकानं ते हसण्यावारी नेलं. "आई, गाण्यानं कधी बोट बुडते का?"

गाणं आगबोटीचं. मुंबईहून रत्नागिरीला निघालेली आणि कधीच न पोचलेली. वाडीतल्या बायका त्याच गाण्यावर पोरं झोपवत आलेल्या.

आगबोट निघाली, धूर आभाळी मावेना,
धन्याची पेटी माझ्या दाराशी येईना.

शेवटच्या कडव्यात बायका दर्यात फुलं सोडतात आणि आपापल्या माणसाला निरोप देतात. लहानग्या राहीला थोपटताना सानिका तेही खुशाल गायची.

मग बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्याचं, दर्शनचं जहाज वादळात सापडल्याची बातमी आली. त्याचा फोन लागेना. कंपनीचं एकच उत्तर, "कळवतो." सानिकाचं कॉलेजात शिकलेलं शहाणपण कुठल्या कुठे गेलं. फोन उशाशी, कान दाराशी. शेवटचं कडवं आलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. मालन पदरानं नवऱ्याच्या फोटोची काच पुसत राहायची. दर्शन रांगत होता तेव्हा त्याचे वडील गंगाराम मासेमारीला गेले. ना लाँच सापडली, ना माणूस. पण फोटोला हार काही मालननं कधी घालू दिला नाही. "फुलांनी काच खराब होते," म्हणायची.

आणि एका दुपारी दारात रिक्षा थांबली. दर्शन! दाढी वाढलेली, बॅगेचा पट्टा तुटलेला. राहीनं आधी भोकाड पसरलं, मग बापाच्या खांद्यावर मान टाकली. सानिका एकीकडे रडत, एकीकडे हसत तिला थोपटू लागली. गाणं आपसूक ओठांवर आलं. शेवटच्या कडव्याशी मात्र ती थबकली, सासूकडे वळली.

"आई, आता म्हणू ना? घरचा माणूस आला की."

मालननं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग फोटोकडे बघितलं.

"एक आला गो. दुसरा येऊ दे."

सानिकानं कडवं तिथंच सोडलं आणि सासूजवळ जाऊन बसली. तुमच्याही घरात कुणी गाणं शेवटाआधी सोडून उठत असेल, तर आजच जवळ जाऊन बसा. कोण यायचं राहिलंय, एवढं विचारा.