प्रेसच्या पोलादाची सुरी

चिखलीतल्या आपल्या वर्कशॉपात गुरुदत्तने हौसेनं सुरी घडवली, तीही भंगारात काढलेल्या, पत्रे कापायच्या प्रेसच्या पोलादातून. त्याच प्रेसनं कामगार गेनूची दोन बोटं नेली होती, आणि जखम चिघळून गेनूही गेला होता. "सायेब, गार्ड काढू नगा," असं तो विनवत होता; पण गुरुदत्तला माल जास्त हवा होता, म्हणून बोटं वाचवणारी ती जाळी त्यानं काढलीच.

खंडेनवमीला सुरी पूजेत मांडताना लखलखत्या पात्यात त्याला आपला हात दिसला. बोटं तीनच. दचकून त्यानं हात पाहिला; पाचही जागेवर होती.

"अहो, या नव्या सुरीनंच लिंबू कापा की," बायको अरुंधती म्हणाली.

"पुजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं," म्हणत त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

पात्यातल्या तीन बोटांच्या हातानं मात्र सुरीची मूठ धरली, आणि चौरंगावरची सुरी सावकाश त्याच्याकडे वळली.