निवड समितीचे ओठ

एनॉक शॉरॉकचा डावा खांदा निखळला तेव्हा हेस्टर त्याच्याकडे बघतच नव्हती. नवऱ्याचा खांदा निखळतो कसा आणि बसतो कसा, हे तिने बारा वर्षांत पोटभर पाहिलं होतं. ती बघत होती वीस-पंचवीस पावलांवरच्या सज्ज्यात बसलेल्या दोन साहेबांच्या तोंडाकडे.

ऑस्ट्रेलियाला जाणारा रग्बीचा संघ ते दोघे आज निवडणार होते. चार वर्षांपूर्वी एनॉक त्या बोटीने एकदा जाऊन आला होता. देशासाठी नऊ सामने खेळला होता. आता चौतिशी गाठलेली. आणखी एकदा जायचं, एवढ्या एका इच्छेवर त्याने हा सगळा हिवाळा रेटला होता. शनिवार सकाळपर्यंत गिरणीत कापडाचे गठ्ठे वाहायचे, दुपारी चिखलात लोळायचं, आणि रविवारी हात गळ्यात बांधून बसायचं.

साहेब बाहेरगावचे. आपण कुजबुजलो की कुणाला काही कळत नाही, अशी त्यांची भाबडी समजूत. आमच्या गावात कुजबुजणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं. मागांच्या खडखडाटात इथल्या बायकांचं निम्मं आयुष्य जातं. तिथे कान कुचकामी, एकमेकींचे ओठ वाचूनच बोलायचं. आणि कठड्याला टेकून आज अशा शंभर-दीडशे विणकरणी उभ्या होत्या.

एका साहेबाच्या मिशा इतक्या दाट की ओठांचा पत्ताच नव्हता. दुसरा मात्र गुळगुळीत दाढी केलेला.

"खांदा गेलाय याचा," दुसरा म्हणाला. "नाव खोडा. त्या तांबड्या केसांच्या पोराला घ्या."

मिशा हलल्या.

"आत्ताच कशाला सांगायचं?" गुळगुळीत ओठांनी उत्तर दिलं. "खेळू दे संपेपर्यंत. एका बाजूला तेरातले बाराच उरले, तर बाकीच्यांना जोखायचं कसं?"

जखमी माणसाच्या जागी दुसरा घ्यायचा नाही, असा नियमच होता. कठड्याजवळचा गलका एकदम थांबला. हेस्टरच्या शेजारच्या मागावर काम करणारी मॅगी तेवढी पुटपुटली, "मुडदा बशिवला मेल्यांचा!"

मैदानात एकाने एनॉकच्या काखेत टाच रोवली, हात ओढला आणि खांदा बसवला. एनॉक उठला. बायका गप्प झाल्याचं त्याला जाणवलं असणार. त्याने हेस्टरकडे पाहून नुसते ओठ हलवले. तोही बाराव्या वर्षापासून त्याच मागांखाली वाढलेला.

"काय म्हणतायत गं?"

हेस्टरने मनाशी हिशोब केला. खरं सांगावं तर हा हट्टाला पेटणार. साहेबांचं मत फिरवायला उरलेली वीस मिनिटं जिवावर उदार होऊन खेळणार आणि हात कायमचा घालवून बसणार. मग गठ्ठे कशाने उचलणार?

"घेतलंय तुला," तिने ओठांनीच सांगितलं. "नाव लिहिलंसुद्धा. आता हो बाहेर. बोटीत चढायला हात शाबूत नको का?"

मॅगीने वळून तिच्याकडे पाहिलं.

एनॉकने मागे वळून पाहिलं. पलीकडे गडी खांद्याला खांदा भिडवून त्याची वाट बघत होते. त्याने धड असलेला हात वर करून कप्तानाला खुणावलं आणि चालत बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

तो कठड्याशी येऊन थांबला. हेस्टरने आपली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. तो फार दमला होता, आणि ते दमणं काही आजच्या एका दिवसाचं नव्हतं. त्याने तिच्याकडे तोंड वर केलं, तशा आजूबाजूच्या बायकांनी माना मैदानाकडे वळवल्या. नवरा-बायको बोलू लागले की आमच्याकडे कुणी कान झाकत नाही, नजर फिरवतात.

आवाज न करता तो म्हणाला, "खोटं बोलताना तू ओठ फार स्पष्ट हलवतेस, हेस्टर."