अचूकता तीन मीटर

उपग्रह अकरा. अचूकता तीन मीटर.

समुद्राच्या तळाशी मासे धरायचे तारेचे बेचाळीस पिंजरे. एकावरही तरंगता डबा बांधलेला नाही.

सितराच्या धक्क्यावर दोन नाखवे एकमेकांकडे पाठ करून चहा पितात. तीन वर्षं झाली.

भरधाव तेलवाहू जहाजाला थांबायला दोन मैल लागतात.

धुकं.

"पुन्हा वाच, नाखवा," वॉकीटॉकीतून किनारारक्षक दलाचा माणूस म्हणाला. "सावकाश."

मरहूनने हातातलं जीपीएस डोळ्यांजवळ धरलं आणि आकडे पुन्हा वाचले. एकेक अंक, पहिलीतल्या पोराला सांगावा तसा. इंजिन पहाटेच बंद पडलं होतं. नांगर टाकला तर जुनी दोरी तुटली. आता ओहोटी त्याची होडी मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढत होती आणि धुक्यात त्याला स्वतःच्या होडीची पुढची टोकदार नाळही धड दिसत नव्हती.

"आम्ही तिथेच आहोत. इथे कोणी नाही."

"कोणी नाही कसं? मी आहे ना! तीन मीटर इकडेतिकडे, असं लिहिलंय इथे. तीन मीटरांत मी दिसत नाही? माझं पोट तरी दिसेल!"

"भोंगा वाजव."

त्याने वाजवला. छाती दुखेपर्यंत वाजवला.

"नाही ऐकू येत. नाखवा, तुझं यंत्र खोटं सांगतंय."

"माझं यंत्र नऊ वर्षांत एकदाही…"

वॉकीटॉकीतून एक बारीक आवाज आला आणि तिची बॅटरी संपली.

मरहूनने हातातल्या यंत्राकडे पाहिलं.

नऊ वर्षं.

पिंजऱ्यावर डबा बांधला की तो चोरालाही दिसतो. म्हणून सितराचे नाखवे डबा बांधत नाहीत. जागा यंत्रात नोंदवतात, परत येतात, दोरीला लोखंडी आकडा लावून तळ ओढतात. मग चोर यंत्रात डोकावू लागले. मरहूनचा मेहुणा तेल कंपनीत मोजणीच्या कामावर होता. त्याने एक युक्ती दाखवली. यंत्राच्या आत, सगळे आकडे ज्या पायावरून मोजले जातात, तो पायाच सरकवता येतो. त्याने तो सरकवला, पूर्वेला चार किलोमीटर. मरहूनचं काहीच बिघडलं नाही. पिंजरा आणि होडी, दोन्हींचे आकडे सारखेच सरकलेले, त्यामुळे यंत्र त्याला बरोबर पिंजऱ्यावर नेऊन उभं करायचं. आकडे चोरणारा मात्र चार किलोमीटर लांब रिकामा तळ खरवडत बसायचा.

मरहूनला तेव्हा भारी मजा वाटली होती. धक्क्यावर तो एकेकाच्या तोंडासमोर यंत्र धरायचा. "घ्या, लिहून घ्या! पेन देऊ का?" पुढे मजा विरली. पुढे ते आकडे खोटे आहेत हेही तो विसरून गेला.

आणि आता त्याने तेच आकडे, सावकाश, एकेक करून, वाचून दाखवले होते.

धुक्यात कुठेतरी जहाजाचा भोंगा घुमला. खोल, लांबलचक. कोणत्या बाजूने ते कळेना. मरहूनने वल्हं उचललं, पण कुठल्या दिशेला मारायचं? तो उभा राहिला आणि ओरडू लागला. आधी देवाचं नाव घेऊन, मग पोरांची, मग नुसताच.

पुन्हा भोंगा. जवळ.

मग त्याच्या आड एक बारीक आवाज. लहान इंजिनाचा. धुक्यातून एक हिरवी नाळ बाहेर आली आणि तिच्यावर उभा खलफ. तीन वर्षांपूर्वी मरहूनचे पाच पिंजरे रिकामे निघाले, तेव्हा साऱ्या धक्क्यासमोर त्याने ज्याला चोर म्हटलं होतं तो खलफ.

"ओरडणं थांबव," खलफ म्हणाला. "मासे पळाले सगळे. दोरी पकड."

मरहूनने दोरी पकडली. त्याची गाठ दोनदा सुटली. खलफनेच पलीकडे वाकून मारली. दोन्ही होड्या जहाजांच्या वाटेपासून हटल्या. थोड्याच वेळात मागून एक काळी भिंत सरकत गेली. तिच्या लाटेने दोघांना बराच वेळ डोलवलं.

खलफने आपल्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "सापडला. हो, जिवंत आहे. गप्प बसलाय, तेवढं सोडून बरा आहे."

मग त्याने थर्मास काढला आणि एक पेला पुढे केला. मरहूनने तो दोन्ही हातांनी घेतला.

"मी आकडे चुकीचे सांगितले," तो म्हणाला.

"वॉकीटॉकीवर ऐकलं मी. पश्चिमेला चार किलोमीटर धरले. वर ओहोटीचे थोडे."

"तुला… कसं माहीत?"

"तू यंत्र माझ्या तोंडासमोर धरायचास ना, झुहैरच्या बापा? पेन देऊ का, म्हणून? त्यात वरच्या ओळीत आपण उभे असू ती जागा येते. त्या ओळीप्रमाणे आपण दोघं धक्क्याच्या पूर्वेला चार किलोमीटर, भर समुद्रात उभे होतो." खलफ हसला. "मी चपला पाहिल्या. कोरड्या होत्या."

मरहून हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून. बेचाळीसच्या बेचाळीस जागा तुला ठाऊक?"

"चहा पी. गार होतोय."

नऊ वर्षांपूर्वी, मरहूनच्या यंत्राचा पाया सरकला त्याच महिन्यात, खलफचा नांगर तळाशी कशाला तरी अडकला. वर ओढला तर मरहूनच्या खुणेची निळी दोरी बांधलेला पिंजरा आला, आत सात मोठे हामूर मासे होते. खलफने नांगर सोडवला आणि दार न उघडता पिंजरा होता तिथेच परत सोडला.